देखणे आबा

आबा, पुस्तकाची सगळी पानं झाली, फक्त तुमच्या तोंडाच्या जागी पांढरं आहे. डोक्याला गुंडाळलेला रुमाल काढून झालाय. खांद्यावरची घोंगडी, तिला मायनं लावलेलं ठिगळ, काठी, टायरच्या वहाणा, मागं मेंढरांची रांग आणि रांगेवर उठलेली धूळ, सगळं जागच्या जागी आहे. मधोमध, जिथं बघून माणूस ओळखायचा, तिथं मात्र कागद तसाच. पान उलटलं की पुढच्या पानावरही तेच. एवढी वर्षं मी राजे काढले, सरदार काढले, राक्षस तर इतके काढले की रस्त्यात भेटले तर रामराम घालतील. आणि एका बापाच्या तोंडापाशी येऊन माझी गाडी अडून बसलीय.

तुम्हाला माझं काम नीट कधी कळलं नाही, पण तुम्ही ते लोकांना सांगायचात मोठं झकास. आपल्या गोरेगावच्या बाजारात कुणीतरी विचारलं होतं, "थोरलं काय करून राहिलं पुण्याला?" तुम्ही म्हणालात, "चित्रं काढतं. राजे-सरदार." तो म्हणाला, "म्हंजी नेमकं काय करतं?" तुम्ही जरा विचार केलात आणि सांगितलंत, "बसून करतं. उन्हात न्हाई." माझ्या धंद्याची याहून चांगली ओळख नंतर कुणी करून दिली नाही. आता एका प्रकाशनाच्या बाईंनी माझीच गोष्ट चित्रांतून सांगायला सांगितलीय. मेंढरामागून आलेलं पोरगं चित्रकथा काढायला कसं लागलं, अशी. बाई तरुण आहेत, हुशार आहेत, मला सर म्हणतात. गोष्ट तुमच्यापासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

पहिलं प्रकरण कुरुंदा गावचं आहे. उन्हाळ्याची सुट्टी, मी तुमच्यासोबत कळपामागं. हळद निघून गेलेली, रान मोकळं पडलेलं, आणि आपली मेंढरं एका बागाईतदाराच्या रानात बसवलेली. पुण्यात हे समजावून सांगावं लागतं, की मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीचं खत होतं, त्याच्या बदल्यात मालक ज्वारी देतो, आणि मेंढरं पुढच्या रानाला जातात. तर मालकानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला नुकताच चुना मारलाय. अशी पांढरीफेक भिंत मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघतोय. हळद शिजवायच्या भट्टीत कोळसा पडलाय. मला कुणी सांगितलेलं नाही, शिकवलेलं नाही, मी कोळसा उचलतो आणि भिंतीवर मालक काढतो. आधी पोट. मग पोटाला लावलेले दोन काटकुळे पाय. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. खिशाला दोन पेन, कारण मालकाला लिहिताना कुणी पाहिलेलं नसलं तरी पेन दोन असायचे.

हळद निवडणाऱ्या बाया उठून बघायला आल्या. "अगं बया, मालकच उभा हाय की." "प्वाट बघ, दारातून जाईना म्हणून भाईर काढलाय." हसून हसून एकीचा पदर डोक्यावरून घसरला. तेवढ्यात खुद्द मालक आला. त्यानं भिंतीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. "मी असा दिसतू व्हय?" त्यानं सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "न्हाई मालक. भिंतीवरचा जरा बारीक हाय."

त्याच दुपारी आपल्याला रान सोडायला सांगितलं. पुढचं रान ठरलेलं नव्हतं. दोन कोकरं चालत नव्हती म्हणून एक तुम्ही उचललंत, एक मी. मी माराची वाट बघत चाललोय. तुम्ही मारत नाही, नुसतं मेंढरांना हाकत राहता. बऱ्याच वेळानं, ओढा उतरताना, पाठमोरेच म्हणालात, "बराबर काढला व्हतास." माझ्या जिवात जीव आला. मग म्हणालात, "पन बराबर काढू नये. मानसाला सोताचं तोंड सोसत न्हाई. काढायचंच तर जरा देखणं काढत जाय."

आबा, लोक मला विचारतात, तुमच्या शैलीवर प्रभाव कुणाचा? मी मोठमोठ्या चित्रकारांकडं बोट दाखवतो, कारण लोकांना ते आवडतं. खरं म्हणजे माझ्यावर त्या एका वाक्याचा प्रभाव आहे. हिंगोलीत मी एका पेंटरच्या दुकानात लागलो, दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीमागचे वाघ, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बोर्ड. तेव्हा फ्लेक्स नव्हते, पुढारी हातानं रंगवायचा असे. माझ्या लवकर लक्षात आलं की पुढाऱ्याच्या हनुवटीखालची वळी खाऊन टाकली की चहा येतो, आणि नाकाला धार दिली की पुढचा बोर्डही आपल्यालाच मिळतो. गिऱ्हाइकाची बायको सोबत आलेली असली तर मी त्याच्याकडं बघायचोच नाही, तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचा रंग ठरवायचो. उस्ताद म्हणायचे, "तेरे हाथ में मेकअप है रे." मी मनात म्हणायचो, माझ्या बापानं दिलाय.

पुण्याला गेलो तेव्हा पिशवीत दोन गठ्ठे होते. एकात देखणी माणसं. दुसऱ्यात कोळशाची माणसं, जी मी कुणाला न दाखवता काढत राहिलो होतो. सेनगावच्या जीपच्या टपावर बसणारे, औंढ्याला देवळाबाहेर नारळ विकणारी बाई, हॉटेलात बशीतून चहा ओढणारे म्हातारे. त्यांची नाकं फेंदारलेली, दात पुढं आलेले, कान कुठल्या कुठं. चित्रकथांच्या साप्ताहिकाचे मालक भले माणूस होते. त्यांनी कोळशाचा गठ्ठा आधी बघितला. एकेका चित्रावर थांबले, हसले, एक तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नेऊन दाखवलं. मग गठ्ठा नीट बांधून माझ्याकडं परत दिला. "फार छान आहेत. पण ही नकोत आपल्याला," ते म्हणाले. "या माणसांची तोंडंच लक्षात राहतात हो. वाचणारा पान उलटायचा नाही." आणि देखण्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून या."

तिथं नायकाचा एक ठरलेला चेहरा होता. माझ्या आधीच्या चित्रकारानं तो बसवलेला होता, त्याच्याही आधीच्यानं बहुतेक. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून मी तो गिरवायचो. कपाळ किती, डोळ्यांत अंतर किती, नाक सरळ खाली कुठवर, हनुवटी चौकोनी. राजा असला तर मिशी, ऋषी असला तर दाढी, तोंड तेच. काही महिन्यांत काच लागेना. मग बघावंही लागेना, मी गप्पा मारत असायचो आणि हात आपला आपण तो चेहरा काढून मोकळा व्हायचा. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आबा. त्या नाकावर माझं घर उभं राहिलं. साप्ताहिक बंद पडलं, चित्रकथा कुणी वाचेना, तेव्हा त्याच हातानं शाळांचे तक्ते काढले, बिस्किटाच्या पुड्यावरचा मुलगा काढला, आता माझ्याकडं पोरं-पोरी संगणकावर खेळातली माणसं काढतात आणि मी मागं उभा राहून म्हणतो, नाक जरा सरळ करा. कोळशाचा गठ्ठा कुठल्याशा घरबदलीत राहून गेला.

तुम्ही गेलात तेव्हा निरोप साप्ताहिकाच्या ऑफिसात आला. एसटी बदलत बदलत मी घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. उन्हाळा होता, माणसांनी थांबायचं तरी किती. कुणाला बोल लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला तुमचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, एवढं खरं.

तेराव्याच्या आधी माय म्हणाली, "फोटू पायजे. समद्यांच्या घरी लागलेत." फोटो कुठून आणायचा? तुम्ही कधी काढून घेतला नाही. एक मतदानाचं कार्ड होतं, त्यावर नाव तुमचं आणि फोटो भलत्याच कुणाचा. टक्कल पडलेला, चष्मेवाला गृहस्थ. ते कार्ड आलं तेव्हा मी म्हणालो होतो, आबा, हे बदलून आणू. तुम्ही म्हणालात, "राहू दे. मत तर माझंच जातंय ना. त्यो बिचारा कोणाच्या तोंडानं देत आसंल?" आणि त्याच कार्डावर मतं देत राहिलात. हिंगोलीच्या स्टुडिओवाल्यानं कार्ड बघितलं आणि मला परत पाठवलं. तेव्हा माय म्हणाली, "दुनियेची चित्रं काढतूस. बापाचं काढ की."

मी ओसरीत बसून काढलं. रडत होतो, त्यामुळं फार विचार केला नाही, हाताला जे येत होतं ते येऊ दिलं. पूर्ण झाल्यावर बघितलं तर रुमाल बांधलेला, केस पांढरे केलेला साप्ताहिकातला आमचा शूर सरदार समोर बसला होता. मायनं कागद हातात घेतला. "लई देखणे काढलेस," ती म्हणाली. मी म्हणालो, दुसरं काढतो. तर म्हणाली, "न्हाई. आसू दे. जन्मभर धुळीत गेले. आता देखणे दिसू दे." चौकट झाली, हार चढला, बसायला आलेली माणसं म्हणाली, बराबर काढला. तेव्हा माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमच्या बायकोनं मागितलं, लेकानं दिलं.

पण चित्र घरात राहिलं, आबा, आणि तुम्ही राहिला नाहीत. नातवंडं त्याच्याकडं बघून मोठी झाली. धाकट्या भावाच्या पोराच्या लग्नपत्रिकेवर ते आशीर्वाद देत छापलं गेलं. दरवर्षी तुमच्या पुण्यतिथीला गोरेगावच्या चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर तुम्ही इतके गोरेपान आणि धारदार असता, की मागच्या साली एकानं मला विचारलं, "तुमचे वडील मिलिटरीत होते का?" मी हसून वेळ मारून नेली. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते या पुस्तकाचं पहिलं पान काढताना. मी डोळे मिटून तुम्हाला आठवायला गेलो आणि आत सरदार उभा होता.

म्हणून मागच्या महिन्यात गावी गेलो, हे एवढ्याच कामासाठी. मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला आता लांबचं दिसतं. ती भाकरी थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, आबांचं नाक कसं व्हतं गं?"

"फोटूत हाय तसं."

"फोटू मी काढलाय, माय."

"मंग? काढलंस तू आन् मलाच इचारून राहिला व्हय?"

"तसं न्हाई. खरं कसं व्हतं? बसकं व्हतं का? भुवया कशा व्हत्या?"

ती भाकरी उलटायची थांबली, चौकटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काहून इचारतूस आसं? चांगलं तर हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा भीती होती, जणू मी काहीतरी परत मागायला आलोय. मी विषय सोडून दिला.

चुलत्याकडं गेलो. तुमच्यासोबत सगळा जन्म त्यांनी कळपामागं काढला, तेवढे एकच उरलेत. लिंबाखाली बाजेवर बसले होते. माझा प्रश्न ऐकून आधी त्यांना तो कळलाच नाही. मग म्हणाले, "तोंड? लेका, रोज बघायचो, मंग ध्यानात कोण ठेवतंय? तुझा बाप पुढं, मी मागं. पाठ इचार, पाठ सांगतो." मी म्हणालो, काका, समोरासमोर बसून जेवत होता ना? "जेवत व्हतो, पन मानूस जेवनाकडं बघत जेवतो. तोंड न्याहाळाया आमी काय नवरा-नवरी व्हतो का?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईस्तोवर हसले. मग हसू विझलं आणि म्हणाले, "पन तुमच्या घरी फोटू हाय की त्याचा."

पुण्याहून प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. मी खरं ते सांगितलं, की चेहरा येत नाही. त्या उत्साहानं म्हणाल्या, "सर, मग रिकामाच ठेवू या ना. फार बोलकं होईल ते." त्यांचं मन चांगलं आहे. पण आबा, ज्याचं मतदानाचं कार्डही परक्याच्या तोंडाचं निघालं, त्याला लेकाच्या पुस्तकातही तोंड नसावं, हे माझ्याच्यानं होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीतला एक कोळसा घेतला, जुन्या कॅलेंडरची पाठची कोरी बाजू घेतली आणि डाव्या हातानं काढायला बसलो. उजव्या हातात सरदार बसलाय, डाव्याला त्याची ओळख नाही, एवढाच माझा हिशेब. रेघा वाकड्यातिकड्या पडत होत्या. मी नाकाचं नाव घेतलं नाही, हनुवटीचं घेतलं नाही, तुम्ही तंबाखू मळताना कुठं बघायचात ते आठवत राहिलो आणि हात चालू दिला. एक भुवई वर गेली. खालचा ओठ एका अंगाला ओढलेला आला. डाव्या गालाला खड्डा पडला, दाढ गेलेल्या माणसाला पडतो तसा. नाक फताडं आलं. आणि आबा, त्या चुरगळलेल्या कागदावरून कुणीतरी माझ्याकडं असं बघितलं की मी कोळसा खाली ठेवला. कुणीही असेल तो माणूस, पण हाडामांसाचा होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही आलं नव्हतं.

मी कागद मायकडं नेला. काही सांगितलं नाही, नुसता हातात दिला. ती उजेड बघून दारात जाऊन बसली, कागद लांब धरला, जवळ धरला. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा होतो, हिंगोलीत गिऱ्हाइकांच्या बायकांकडं बघायचो तसा.

"कोन हे?" तिनं विचारलं.

"तूच सांग."

तिनं पुन्हा बघितलं. "वळखीचं न्हाई बा. पन मानूस गरीब दिसतो. तुझ्या पुस्तकातला हाय का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग त्याला कुठं तरी जेवताना दाखीव. उपाशी दिसून राहिला." आणि तिनं कागद माझ्या हातात परत दिला, हाताला लागलेला कोळसा पदराला पुसला आणि आत गेली.

मी तिथंच बसून राहिलो. धंद्यात मी कुठं अडकत नाही. एक वाट बंद झाली की दुसरी काढतो, सगळं आयुष्य तसंच काढलंय. इथं मला वाट दिसत नव्हती. एक तर मी भलताच माणूस काढला होता, कुरुंद्याचा, औंढ्याचा, कुठल्या तरी जीपच्या टपावरचा, आणि माय बरोबर होती. नाही तर मी तुम्हालाच काढलं होतं, आणि जिनं तुमच्यासोबत सगळा संसार केला तिनं तुम्हाला ओळखलं नव्हतं. यातलं खरं कुठलं, हे सांगणारं आता कुणी नाही. मायला पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. तिच्याजवळ एक नवरा आहे, रोज सकाळी ती त्याला कुंकू लावते, त्याच्याशी बोलते, सुनांच्या कागाळ्या सांगते. तो देखणा आहे. त्याला काढून घेऊन तिच्या हातात हा उपाशी माणूस कुठल्या तोंडानं देऊ?

हे लिहायला घेतलं तेव्हा पांढऱ्या होत्या त्या सगळ्या जागा मी परवा भरल्या. उजव्या हातानं, सरदाराच्या तोंडानं. एक दुपारही लागली नाही. पुस्तक आलं की पहिली प्रत गावी जाईल, नातवंडं पानं उलटून मायला दाखवतील आणि ती म्हणेल, हे बघा तुमचे आबा. बाईंनी पानं बघितली. "सर, वडील अगदी हिरो दिसतात हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, होतेच. कोळशाचा कागद टेबलाच्या खणात आहे. त्यावर काही फवारून कोळसा पक्का करता येतो, मी केलेला नाही. प्रत्येक वेळी काढून बघितला की थोडा पुसला जातो, आणि तरी मी काढून बघतो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पाठवायचं म्हटलं असतं तरी कुणाला तरी शेजारी बसवून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तिसऱ्या माणसासमोर पुढचं मला सांगता आलं नसतं. तेव्हा हे इथंच राहू दे. आबा, तुम्ही आत्ता या दारात येऊन उभे राहिलात, तर मी मान वर करून तुमच्याकडं बघेन आणि विचारेन, कोण पाहिजे. तुम्ही बोलेपर्यंत मला कळायचं नाही.